हात बसेपर्यंत

बँकेतल्या मुलीने अर्ज काचेखालून परत सरकवला आणि म्हणाली, "काका, सही जुळत नाहीये. परत एकदा करता का?" तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसता कंटाळा होता. त्याने परत सही केली. तिने कागदाकडे पाहिलं, समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "ही तुमची जुनी. आणि ही आत्ताची. बघा तुम्हीच." पडद्यावर खातं उघडलं तेव्हाची सही होती, ऐसपैस, शेवटचा फराटा चौकटीबाहेर निघालेला. कागदावर तीच अक्षरं होती, त्याच क्रमाने, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत लहान लहान होत गेलेली. लिहिणारा माणूस लिहिता लिहिता दूर चालत गेल्यासारखी. "जरा मोठी करा ना," मुलगी म्हणाली. त्याने केली. पहिलं अक्षर मोठं आलं, दुसरं बेताचं, आणि मग पुढची आपोआप आकसत गेली. त्याच्या मागे रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला. शेवटी मुलीनेच मार्ग काढला. "अंगठा चालेल, काका. घाबरू नका, ज्येष्ठ नागरिकांना चालतो." त्याला अजून निवृत्त व्हायलासुद्धा अवकाश होता, पण ते तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्याने निळ्या गादीवर अंगठा दाबला, मग कागदावर दाबला, आणि बाहेर पडताना तो खिशाच्या आतल्या कापडाला पुसत राहिला, घरापर्यंत.

तो दात करायचा. शहरातले दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे ठसे घ्यायचे, त्यावरून प्लास्टरचे साचे व्हायचे, आणि मधल्या गल्लीतल्या त्या लांबट कारखान्यात, स्पिरिटच्या दिव्यापाशी बसून तो मेणात कवळ्या उभ्या करायचा. कारखान्यात सगळे त्याला काका म्हणत, मालकसुद्धा. कारण मालक हा जुन्या मालकांचा मुलगा, आणि तो जुन्या मालकांच्या वेळचा माणूस. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढवायचे, एखाद्याची कड जरा झिजवायची, म्हणजे तोंड खोटं दिसत नाही, हे त्याचं खास कसब. काम करताना त्याचा हात कधी हलला नव्हता, अजूनही हलत नव्हता. हलायचा तो मोकळा असताना. जेवून बसला, किंवा खुर्चीवर हात टाकून कुणाची वाट बघत राहिला, की उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घोळायला लागायचे, चिमटीत मेणाची गोळी फिरवल्यासारखे. मेण नसायचं. मग तो घाईघाईने काहीतरी उचलायचा, पेन, चष्मा, चमचा. आणि हात गप्प व्हायचा. लोकांना वाटायचं, काकांना स्वस्थ बसवत नाही.

डॉक्टरांनी त्याला खोलीत चालायला लावलं, बोटं भराभर उघडझाप करायला लावली, एक ओळ लिहायला लावली. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, जे त्याला ठाऊक होतं. "घरात कुणाला होता का?" "वडिलांना." डॉक्टर जरा वेळ लिहीत बसले. "गोळ्यांनी बरं वाटेल," ते म्हणाले. बरं होईल असं म्हणाले नाहीत, आणि त्यानेही विचारलं नाही. वडिलांचा चेहरा त्याच्या लहानपणी हळूहळू बंद झाला होता. दुकान बंद करताना एकेक फळी लावत जावी तसा. आधी भुवया, मग गाल, मग ओठ. हा आजार आहे हे घरात मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, वडील रागावलेत. तो शाळेतून बक्षीस घेऊन आला तेव्हा त्यांनी ते हातात धरून तसंच पाहिलं, आणि त्याला वाटलं, कमी पडलं. पुढच्या वर्षी त्याने जास्त मार्क आणले. तरी तसंच. आपण नेमकं काय केलं म्हणजे हा माणूस खूश होईल, याचा शोध घेण्यात त्याचं बालपण गेलं, आणि आत काय चाललं होतं ते कळलं तेव्हा विचारायला वडील उरले नव्हते.

बँकेतून आल्यावर त्या आठवड्यात कधीतरी तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला. केस कापायचे नव्हतेच. "तुमच्याकडे खरा वस्तरा असतो का हो? दुमडायचा, जुना?" सलूनवाल्याने कात्री थांबवली. "आता कोण वापरतंय? आम्ही अर्धं ब्लेड घालतो आणि टाकून देतो. गिऱ्हाईकच आधी विचारतं, नवीन घातलं ना?" मग खण उघडून त्याने तळातून एक फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला. वडिलांचा होता म्हणे. कसा धरायचा ते दाखवायला तो गेला, आणि अडला. "असा. नाही, थांबा, असा. करंगळी इथे… छ्या, वडील असते तर हसले असते मला." बरोबर एक चामड्याचा पट्टाही दिला, कडेला चिरलेला. "न्या तुम्ही. पडूनच आहे. पण सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय, काका? आणि घरी माझं नाव सांगू नका बरं." त्याने वस्तरा उघडून हातात घेतला. सलूनमधल्या तिन्ही आरशांत तो हात दिसत होता, आणि तिन्ही आरशांत तो स्थिर होता. हेच त्याला बघायचं होतं. पण एवढं सलूनवाल्याला सांगून काय उपयोग!

शिकवायला कुणी नव्हतं म्हणून त्याने फोनवरचे व्हिडिओ पाहिले. त्यात एक गुबगुबीत, आनंदी माणूस होता; मागे पांढऱ्या फरशा, खांद्यावर टॉवेल. तो सांगायचा, पहिल्या दिवशी फक्त एक गाल करा, उरलेली दाढी रोजच्या ब्लेडने उरका. पातं गालाला जवळजवळ टेकलेलं हवं, पाठ किंचित उचललेली. कातडी दुसऱ्या हाताने ताणा. ओढू नका, दाबू नका, पात्याचं वजन पात्यालाच वाहू द्या. आणि दर व्हिडिओच्या शेवटी तो कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणायचा, "कालच्यापेक्षा आज एखादी जागा जरी गुळगुळीत झाली असेल, तरी स्वतःची पाठ थोपटा. आपल्या प्रगतीचं कौतुक करायला शिका." त्याला पहिल्यांदा हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं, हे वाक्य त्याला आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. जुने मालक चांगल्या कामावर काही बोलायचे नाहीत, पुढचं काम समोर ठेवायचे. तो बायको शाळेच्या ऑफिसात गेल्यावर, स्वतः कारखान्यात जायच्या आधी, बाथरूमचं दार लावून उभा राहायचा. पट्टा नळाला अडकवून पातं त्यावर फिरवायचा, जाताना पाठीकडून, येताना पाठीकडून. चुकून धारेकडून फिरवलं की पट्ट्यावर एक बारीक चीर उठायची. मग ब्रशने फेस. मग कानाखाली पातं टेकवायचं. टेकवण्याआधी हात हवेत असताना अंगठा घोळत असायचा, पण पोलादाला कातडी लागली की सगळं थांबायचं. केस कापले जातानाचा तो कुरकुरीत आवाज कवटीच्या आतून ऐकू यायचा, वाळक्या गवतातून कुणी हळू चाललंय असा. तेवढा वेळ हात त्याचा असायचा. मोठी सही करणाऱ्या माणसाचा.

प्रगती होत होती, यात शंका नव्हती. सुरुवातीला गाल सोलल्यासारखा लाल व्हायचा आणि केस तसेच. मग कानाजवळची जागा जमली, मग गालफडाचा उतार. जबड्याच्या कडेला वळताना पातं कसं आडवं करायचं हे त्याला एके सकाळी आपोआप कळलं, आणि तो आरशात स्वतःला म्हणाला, "शाब्बास." म्हणताना त्याने आपलं तोंड पाहिलं. शब्द बाहेर पडला होता. चेहऱ्याने त्यात भाग घेतला नव्हता. भुवया होत्या तिथेच. त्याने परत म्हटलं, मुद्दाम हसून. ओठ थोडेसे फाकले, पुढचे दात दिसले, आणि आरशातला माणूस त्याच्याकडे वडील बघायचे तसं बघत राहिला. दाढीचा हा एक तोटा त्याने हिशेबात धरला नव्हता; तिच्यासाठी रोज आरशापुढे उभं राहावं लागतं. पुढे पुढे तो चेहऱ्याचा एकेक तुकडाच पाहायला शिकला. हा गाल. ही हनुवटी. सगळं एकदम बघायचं नाही.

गळ्याची पाळी आली तेव्हा कॉलरवर डाग पडायला लागले. तुरटी फिरवूनही एखादी चीर दुपारी उघडायची. बायकोने विचारलं तर तो म्हणायचा, ब्लेड बोथट झालंय. ती ब्लेडचं नवीन पाकीट आणून ठेवायची आणि ते तसंच पडून राहायचं. मग एके दिवशी शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि ती जाऊन लगेच परत आली. त्याने कडी नीट लावली नव्हती, किंवा बोटांनी नीट लागली नव्हती. दार उघडलं तेव्हा तो मान मागे टाकून उभा होता, फेस कानापर्यंत, आणि पातं नरड्यावर. आरशात त्याला ती दिसली. ती ओरडली नाही. अगदी हळू आवाजात, झोपलेलं मूल उठू नये अशा बेताने म्हणाली, "खाली ठेवा."

"अगं, दाढी करतोय."

"आधी खाली ठेवा."

त्याने ठेवला. तिने तो उचलून आपल्यामागे धरला आणि पालथ्या बादलीवर बसली. "तुमच्या शर्टांखाली हा मला सापडला त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या," ती म्हणाली. "मला वाटलं…" काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

"मी शिकतोय," तो म्हणाला, आणि ते किती खुळं वाटतंय हे त्यालाच ऐकू आलं. म्हणून त्याने मग सगळं सांगितलं. बँक, अंगठा, डॉक्टर. ती मधे एकदाही "काय सांगता" म्हणाली नाही. फेस वाळून त्याच्या गालावर ताणायला लागला होता.

"तुला माहीत होतं?"

"गोळ्यांची पाकिटं बारीक फाडून कचऱ्यात टाकलीत म्हणून काय मला दिसत नाहीत? आणि चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. तुम्ही पुढे चालता, मी मागून बघत येते. नुसता टांगलेला असतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

नळ गळत होता. मग तिने वस्तरा त्याच्या हातात परत दिला, पण उठली नाही. "करा," ती म्हणाली, "मी बघते." तिच्यासमोर त्याने गळा पुरा केला. हात स्थिर राहिला. ती खालून, बादलीवरून बघत होती, आणि त्याच्या मनात आलं की ही हातच बघतेय, दाढी नाही. "छान जमतं की तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. त्यात कौतुक होतं आणि दुसरंही काहीतरी होतं. आजारी माणसाने वाटीभर भात संपवला की म्हणतात तसं.

त्यानंतरचे काही महिने, म्हटलं तर, चांगले होते. चोरी संपली होती. गोळ्या लागू पडल्या होत्या. तो आता केसांच्या दिशेने एकदा आणि उलट्या दिशेने एकदा, अशी दोनदा दाढी करू शकत होता. ओठांवरची अवघड जागा, हनुवटीची खळी, सगळं एका रक्ताच्या थेंबाशिवाय. असं पहिल्यांदा जमलं त्या दिवशी तो कारखान्यात पोचला तर मालक म्हणाला, "काका, आज अगदी तरतरीत दिसताय." मग त्याने त्याला काचेच्या खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. एका दंतवैद्याने कवळी परत पाठवली होती, दात उजवीकडे चालल्यासारखे लागलेत म्हणून. त्याआधीही एक आली होती. मालकाने तेव्हा सांगितलं नव्हतं. "तुम्ही आता इतरांचं काम तपासा. अनुभव आहे तुमचा. मेणावर तरुणांना बसू द्या." मालक चांगला मुलगा होता. बोलताना तो त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, काहीतरी उमटेल म्हणून. आणि काहीच उमटत नाही म्हटल्यावर मालकाला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. बाहेर येऊन त्याने आपल्या जागेवरचा स्पिरिटचा दिवा विझवला. हात गालाकडे गेला. गाल लहान मुलासारखा मऊ होता. त्या दुपारी तो इतरांनी केलेले दात हातात घेऊन उजेडात फिरवत बसला, आणि त्यातले दोष त्याला एकूण एक दिसत होते.

दुसऱ्या शहरात असलेली मुलगी रविवारी फोनवर दिसायची. आईशी हसून बोलायची आणि मग फोन त्याच्याकडे यायचा. "बाबा, रागावलात का माझ्यावर?"

"नाही गं."

"मग हसा ना जरा."

"हसतोय."

तिला सांगितलेलं होतं सगळं, आजाराचं नाव, लक्षणं, तिने स्वतःही वाचलं होतं. तरी तिचा चेहरा पडला, क्षणभर, शाळेतून आलेल्या मुलीसारखा. कळल्याने काही होत नाही, असं त्याला वाटलं. बक्षीस हातात धरून उभ्या असलेल्या मुलाला त्या वेळी कुणी सगळं समजावून सांगितलं असतं, तरी त्याला ते तोंडच दिसलं असतं.

पुढे हात हळू झाला. थरथरत नव्हता तो, पण पातं गालावर टेकवलं की तिथेच राहायचं. निघ म्हटलं तरी निघायचं नाही, दारात अडलेल्या माणसासारखं. मग एकदम निघायचं. अशाच एका सकाळी हनुवटीखाली खोल कापलं. टॉवेल भरला. बायकोने दाबून धरलं, डॉक्टरकडे नेलं, टाके पडले. परत आल्यावर तो म्हणाला, "टाकून दे तो." तिने वस्तरा धुतला, पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची उजेडात खिडकीशी आणून ठेवली. "बसा," ती म्हणाली. "कसा धरायचा तेवढं सांगा."

"अगं, घरात साधं ब्लेड आहे की."

"मला माहीत आहे. सांगा."

तिचा हात गार होता आणि फार दाबायचा. तिने पहिल्या दिवशी कानाजवळचा एक चौकोन केला आणि घामाघूम होऊन थांबली. तो डोळे मिटून बसला. बायकोचा श्वास एवढ्या जवळून, एवढा लक्ष देऊन, त्याने किती दिवसांत ऐकला नव्हता. "ओढू नकोस. त्याचं वजन त्यालाच वाहू दे," तो सांगायचा. "कातडी ताण. वर. अजून." ती चुकली की जीभ चावायची. रोज थोडी जागा वाढत गेली. गाल जमले, जबड्याचं वळण अडलं, मग तेही सुटलं, आणि त्या दिवशी तो म्हणाला, "कालच्यापेक्षा पुष्कळ चांगलं." ती लाजली. "तुमचं आपलं काहीतरीच." पण संध्याकाळी तिने शेजारणीला ते सांगितलेलं त्याने ऐकलं, भिंतीपलीकडून; आणि सांगताना ती हसत होती. तेवढ्या काळात त्याच्याकडून शर्टाची बटणं लागेनाशी झाली होती, कारखाना सुटला होता, आवाज इतका बारीक झाला होता की ती प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायची. रोज सकाळी तिचा हात सुधारायचा, आणि तो सुधारतोय हे फक्त त्यालाच कळत होतं, कारण ते त्याच्या तोंडावर चाललेलं होतं. त्याला आनंद व्हायचा. तो तिला दिसायचा का, हे मात्र त्याने विचारलं नाही.

सलूनवाला एकदा वाटेत भेटला, वाकून त्याचा गाल बघून म्हणाला, "कुणाकडे करता हो आता?" बायको म्हणाली, "मीच करते." सलूनवाल्याने कानाला हात लावले. त्या दिवशी परत येताना ती त्याचा दंड धरून जरा भरभर चालत होती, आणि त्याचे पाय मागे राहत होते.

मग एका सकाळी तिने नेहमीसारखा फेस लावला, दोन्ही गाल केले, ओठांवरचं केलं, इतक्या सफाईने की त्याला पातं लागल्याचंही कळलं नाही. ती हनुवटीशी आली आणि थांबली.

"गप्प बसा ना जरा," ती म्हणाली.

"मी गप्पच आहे."

"काय?"

"गप्पच आहे."

तिने पाहिलं. हनुवटी हलत होती. खालचा ओठ, आणि त्याखालची फेसाने भरलेली जागा, बारीक, एकसारखी, थंडी वाजल्यासारखी हलत होती. त्यालाही ते आता कळलं. दात एकमेकांवर वाजत होते, आवाज फार लहान होता. ती वस्तरा हवेत धरून थांबली. आता थांबेल, मग करू, असं दोघांनाही वाटत होतं. तिने डाव्या हाताने हनुवटी मुठीत धरली. क्षणभर ती शांत झाली, आणि मग मुठीतच हलायला लागली, आणि ती थरथर मुठीवरून तिच्या मनगटापर्यंत गेली. तिने दोनदा पातं जवळ आणलं आणि दोनदा मागे घेतलं. रस्त्यावरून कुणीतरी भांडी घासायच्या राखेची गोणी ओढत नेल्यासारखा आवाज गेला. फेस वाळत चालला.

"तुझा हात चांगला बसलाय आता," तो म्हणाला. या वेळी तिने "काय" विचारलं नाही.

तिने वस्तरा मिटला. टॉवेलने हनुवटीवरचा फेस पुसून घेतला. खालचे पांढरे खुंट तसेच राहिले. "उद्या करू उरलेलं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. निदान त्याला तरी वाटलं, ती आपणच हलवली.